उंचवटा की खड्डा

तिला लहानपणापासून सगळे तंद्री म्हणत, आणि ते नाव तिने चांगलं कमावलेलं होतं. गॅसवर दूध ठेवून तिला लक्ष द्यायला उभं केलं, तर दूध उतू जाऊन शेगडी विझायची तरी बाईसाहेबांना पत्ता नसायचा. तिला बघायचं असायचं ते दुधाच्या वरचं. तापलेल्या हवेतून पलीकडची भिंत किंचित हलायची, खिडकीचा गज मधेच वाकायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "हिला पातेलं दिसत नाही, पातेल्यावरची हवा तेवढी दिसते!" आई रागाने बोलायची, पण बोलायची ते अक्षरशः खरं होतं. पुढे त्याच नजरेवर पोरीचं पोट चाललं.

केस पिकायला आले तेव्हा तंद्री एका मोठ्या संशोधन संस्थेच्या तळघरात बसत होती. खोली लहान, खिडकी इतकी उंच की रस्त्यावरून जाणाऱ्यांची फक्त पावलं दिसत. टेबलावर दोन पडदे, खुर्चीवर वहिनीने शिवून दिलेली गादी, आणि निवून साय धरलेला चहा. तिचं काम कुणाला एका वाक्यात सांगता येत नसे. तिचा थोरला भाऊ मात्र सांगायचा. "आमची तंद्री खोटा उजेड पाडते," तो म्हणायचा, "आणि त्याचा पगार घेते."

तसं ते खोटं नव्हतं. उजेडाचा एक किरण घ्यायचा, अर्धवट चांदी लावलेल्या आरशावर टाकून त्याचे दोन करायचे. एकाला मोकळ्या वाटेने सोडायचं, दुसऱ्याला एखाद्या पारदर्शक वस्तूतून न्यायचं: काच, पाणी, मेणबत्तीवरची हवा, काहीही. मग दोघांना पुन्हा एकत्र आणायचं. या दोन भावांपैकी वस्तूतून आलेला थोडा रेंगाळलेला असतो. दोघांची पावलं जिथे जुळतात तिथे उजळ पट्टा पडतो, जिथे चुकतात तिथे काळा. डोळ्यांना जे दिसत नाही, ते अशा पट्ट्यांतून दिसतं. या यंत्राला इंटरफेरोमीटर म्हणतात. संस्थेच्या काच-कारखान्यातली माणसं त्याला पट्ट्यांचं टेबल म्हणत, आणि तेच नाव जास्त बरं होतं. तंद्री ते टेबल कॉम्प्युटरच्या आत बांधायची. आरसे आकड्यांचे, दिवा आकड्यांचा, मधे ठेवलेली काचसुद्धा आकड्यांची. या काचेत अमुक जाडी जास्त असेल तर पट्टे कसे वळतील, हे ती आधी पडद्यावर बघायची. मग खऱ्या टेबलावरचं चित्र आलं की दोन्ही शेजारी ठेवून सांगायची, की खरी काच कुठे किती जाड आहे.

दुपारी काम नसलं की ती स्वतःसाठी काहीबाही मांडायची. पाण्यात विरघळणारा साखरेचा खडा. साबणाचा फुगा. झोपलेल्या माणसाचा श्वास. या श्वासाचे पट्टे लांबट यायचे, पडद्याच्या कडेला जाऊन सैल व्हायचे आणि मावळायचे. ते बघताना तिला घड्याळ कळत नसे. जग भरलेलं आहे, रिकामी अशी जागाच नाही, आणि हे फक्त आपल्याला ठाऊक आहे, असं तिला वाटायचं. त्यात तिला फार सुख होतं. खऱ्या काचेला मात्र उभ्या आयुष्यात तिने बोट लावलेलं नव्हतं.

काचेला हात लावायचा तो दादाने. तिचा हा थोरला भाऊ त्याच संस्थेच्या वरच्या मजल्यावरच्या कारखान्यात काच घासायचा. वाकून वाकून पाठ गोल झालेली, नखांत तांबडी पॉलिशची पूड कायमची बसलेली, स्वभावाने नाकासमोर चालणारा. वहिनी गेली तीस वर्षं त्याच्या शर्टांच्या बाह्यांवरून त्याला बोल लावत होती. तंद्रीने लग्न केलं नाही. ती दादाच्याच घरात माडीवरच्या खोलीत राहायची. सकाळी दोघं बहीणभाऊ पायी निघत. दादा पुढे, तंद्री मागे कुठेतरी एखाद्या दुकानाच्या काचेत अडकलेली. दादा कोपऱ्यावर थांबायचा, वळून न बघता म्हणायचा, "आली का हवेतली?" आणि ती आली की पुढे चालू लागायचा.

त्या वर्षी दादाकडे एक मोठी काच आली होती. परातीएवढी, जाड, एका दुर्बिणीच्या तोंडाशी बसणारी. ती अशी उतरायला हवी होती की उजेडाने आरपार जावं आणि वाटेत काही लागलं याचा त्याला पत्तासुद्धा लागू नये. दुसरी तशी काच मिळायची नव्हती. शिवाय दादाची नोकरी संपत आली होती. जेवताना तो एकदा म्हणाला, "ही एक हातून नीट उतरली ना, की मग मी सुटलो. मग घरात बसून तुमची डोकी खाईन." वहिनी म्हणाली, "आत्ता काय कमी खाता?" सगळे हसले. पण तंद्रीचं लक्ष दादाच्या हातातल्या पेल्याकडे होतं. पेल्यातलं पाणी हलत होतं.

खरं तर तिला हे आधीच कळलं होतं, आणि पेल्यावरून नव्हे.

पट्ट्यांच्या टेबलावर काच ठेवली की समोरच्या मोठ्या पडद्यावर वर्तुळं दिसत, एकात एक. पण वर्तुळांची एक खोड असते. काच मध्यभागी फुगलेली असली तरी वर्तुळं तशीच येतात, आणि खोलगट असली तरी तशीच. चित्रावरून उंचवटा की खड्डा हे देवालासुद्धा सांगता येणार नाही. म्हणून या लोकांची एक जुनी रीत होती. दादा टेबलाच्या कडेवर, आरशाजवळ, अंगठा टेकवून हलकेच दाबायचा. टेबल केसाच्याही कितव्यातरी हिश्शाने वाकायचं, आणि तेवढ्याने वर्तुळं चालायला लागायची. मधून उमलून बाहेर गेली तर उंचवटा. बाहेरून आत येऊन मध्यभागी बुडाली तर खड्डा. दादा "उमलतंय" किंवा "बुडतंय" म्हणायचा, तंद्री पेन्सिलीने अधिक किंवा उणे लिहायची, आणि तेच चिन्ह तळघरात जाऊन कॉम्प्युटरला सांगायची. तिच्या एवढ्या मोठ्या हिशोबाची सगळी मदार त्या एका अंगठ्यावर होती.

मोठी काच सुरू झाल्यावर एका सकाळी दादाने अंगठा टेकवला आणि वर्तुळं चालण्याऐवजी शहारली. सगळी एकदम, कडेपासून मध्यापर्यंत. तंद्रीला आधी वाटलं बाहेरून ट्रक गेला. ट्रक नव्हता. तिने पडद्यावरून नजर काढून अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा स्थिर दिसत होता. पट्ट्यांना मात्र तो स्थिर नव्हता, आणि पट्टे खोटं बोलत नाहीत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दादा म्हणाला, "उमलतंय." तिने लिहून घेतलं.

पुढच्या वेळी तो शहारा वाढला होता. त्याच्या पुढच्या वेळी दादाने अंगठा टेकवायच्या आधी हात दोनदा झटकला. टेबलाभोवती दोन-चार माणसं असायची. सगळ्यांसमोर एवढ्या मोठ्या पडद्यावर आपल्या भावाच्या हाताचं असं प्रदर्शन मांडायचं, हे तिला सहन होईना. त्यानंतर दादा पुढे झाला तेव्हा ती चटकन म्हणाली,

"राहू दे दादा. आता लागत नाही ते. माझ्या प्रोग्रॅममध्ये आपोआप कळतं."

"आपोआप?" दादा म्हणाला.

"हो. नवीन केलंय मी."

दादाने तिच्याकडे बघितलं, हात मागे घेतला आणि पाठीशी बांधला. "बरं," म्हणाला.

आपोआप वगैरे काही कळत नव्हतं. तंद्रीने तळघरात जाऊन अधिक टाकलं. तिच्या मनात शंकासुद्धा आली नाही, कारण दादाच्या काचेत मध्यभागी कायम उंचवटाच असायचा. तो मुद्दाम तसा ठेवायचा. घासणाऱ्यांचा नियमच होता तो: उंचवटा घासता येतो, खड्डा भरता येत नाही. दादाच्या हातून खड्डा पडेल, हे तिला स्वप्नातसुद्धा दिसलं नसतं, आणि स्वप्नं तर ती दिवसाढवळ्या बघायची. तिने चित्र छापलं, मध्यभाग लाल रंगवला, वर नेऊन दिलं. "मधे घास," ती म्हणाली. दादा मधे घासू लागला.

आठवडे गेले. तंद्री वर आली की दादा काचेवर वाकलेला असायचा, राळ लावलेली जड घासणी गोल गोल फिरत असायची, खिडकीतून येणारा उजेड काचेत बुडून जमिनीवर फिकट हिरवा पडायचा. त्या खोलीत तिला नेहमी पाण्याखाली असल्यासारखं वाटायचं. ती दाराशी उभी राहून तो घासण्याचा आवाज ऐकायची आणि मनाशी म्हणायची, उतरेल, नीट उतरेल. दादा मान वर न करता काम करायचा. हल्ली तो तिच्याशी कमीच बोलत होता. थकत असेल, असं तिने धरून चाललं.

मग पुन्हा काच टेबलावर ठेवली, आणि वर्तुळं वाढली होती.

ती कमी व्हायला हवी होती. तंद्री चित्र घेऊन तळघरात गेली. आधी तिने खोलीतल्या उष्म्याला दोष दिला, मग दिव्याला. मग आकड्यांची काच नव्याने मांडली. उंचवटा धरला आणि मधे घासली, तर पडद्यावर वर्तुळं एकेक करून मिटत गेली. मग तिने अधिकच्या जागी उणे लिहिलं. वर्तुळं वाढू लागली. वाढत वाढत खऱ्या चित्राशी येऊन तंतोतंत जुळली. इतकं सुंदर जुळलेलं चित्र तिच्या पडद्यावर कित्येक वर्षांत आलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत बसली. वर खिडकीतून पावलं जात होती, येत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, तिला वाटलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच. खड्डा होता आणि आपण दादाकडून तो आणखी खोल करून घेतला. दादाची शेवटची काच आपण घालवली.

ती जिना चढून वर गेली. जिन्यात कुणीतरी तिला काहीतरी विचारलं, तिने काहीतरी उत्तर दिलं. कारखान्यात दादा एकटाच होता, फडक्याने हात पुसत होता.

"दादा, तो खड्डा होता," ती म्हणाली.

दादाचं फडकं थांबलं.

"मला आपोआप काही कळत नव्हतं. मी खोटं बोलले. तुझा हात थरथरतो ते पट्ट्यांत दिसत होतं. सगळ्यांना दिसेल म्हणून मी तुला अंगठा टेकवू दिला नाही. आणि तुझ्या हातचा उंचवटाच असणार म्हणून..." ती रडायला लागली, पदराने, हाताने, मिळेल त्याने डोळे पुसत.

दादा स्टुलावर बसला.

"हात हलायला लागला की मी त्याच्यावर वजन टाकतो," तो शांतपणे म्हणाला. "वजन टाकलं की हलायचा थांबतो. पण वजन पडतं मधे. मला हाताला लागत होतं गं, की मधे खोल जातंय. पण तुझं चित्र म्हणत होतं उंचवटा. म्हटलं, माझा हातच आता काय कामाचा. तिचं मशीन बरोबर असेल."

"तू बोलला का नाहीस?"

"तू अंगठा नको म्हणालीस तेव्हाच मी समजलो. म्हटलं, तंद्रीचा भरवसा उठला आपल्यावरचा." तो हसला, पण हसू काही नीट जमलं नाही. "थरथरतो ते मला काय माहीत नाही? हात माझाच आहे ना? वहिनीला विचार. गेल्या वर्षापासून माझी बटणं ती लावते. आम्ही दोघं तुझ्यापासून लपवत होतो. म्हटलं, ही हवेत राहणारी, हिला कशाला जमिनीवर आणा."

तंद्रीला एकदम मूर्खासारखं वाटलं, आणि त्याच वेळी त्याची इतकी माया आली की तिने त्याचा हात घट्ट धरला. त्या हाताची थरथर तिने पट्ट्यांत किती वेळा पाहिली होती. हातात धरली ती पहिल्यांदा. तळव्यात एखादं पाखरू धरावं तशी ती लागत होती.

"चल टेबलापाशी," दादा म्हणाला.

त्याने अंगठा टेकवला. वर्तुळं शहारली, विस्कटली, पुन्हा जमली. तंद्री श्वास रोखून बघत होती. शहारत शहारत, धडपडत, एकेक वर्तुळ बाहेरून आत आलं आणि मध्यभागी बुडून गेलं.

"हलतायत," दादा म्हणाला, "पण कुठे जातायत ते दिसतंय ना? बुडतंय. लिही."

तिने लिहिलं.

काच फुकट गेलेली नव्हती, पण काम डोंगराएवढं झालं होतं. खड्डा भरता येत नाही, तर आजूबाजूचा सगळा गाव खड्ड्याइतका खाली आणायचा. रुंद घासणीने, अगदी सारख्या हाताने, कुठेही वजन न टाकता, महिनोन्महिने. दादाने तंद्रीचं नवं चित्र भिंतीला लावलं आणि सुरुवात केली. पहिल्याच दिवशी दोघांनाही कळून चुकलं. घासणी कडेला गेली की हात अडखळायचा, वजन न टाकता तो थांबायचा नाही, आणि वजन टाकलं की संपलंच. दादाने घासणी उचलून बाजूला ठेवली. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझ्या हातून नाही व्हायची ही."

तंद्रीच्या तोंडून निघून गेलं, "मी धरू का?"

"तू?" दादा वळला. "तुला दूध बघता येत नाही!"

"दूध नाही येत. पण तू वरून धर ना. तुझा हात, माझं बळ."

दादाने तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग बाह्या वर करायला सांगितलं, बांगड्या काढायला लावल्या, केस बांधायला लावले. तिने घासणीवर दोन्ही हात ठेवले. काच गार असेल असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं. घासून घासून ती कोमट झालेली होती, आणि घासणीतून ते कोमटपण वर येत होतं. दादा मागे उभा राहिला आणि त्याने तिच्या हातांवर आपले हात ठेवले.

"डोळे मिट," तो म्हणाला. "बघायचं नाही. बघशील तर कुठेतरी जाशील. आवाज ऐक. सारखा येतोय तोवर बरोबर."

घासणी निघाली. आधी आवाज तुटत होता. दादाच्या हातांची थरथर तिच्या मनगटातून कोपरापर्यंत येत होती आणि तिच्या हाताच्या जडपणात विरत होती. कितीतरी दुपारी अशा गेल्या. दादा बोलायचा, "कडेला सोड, सोड... आता घे मधे, हलकी." मग बोलणं कमी झालं. तिला ते घासणं आता आतून ऐकू यायला लागलं होतं. मिटल्या डोळ्यांपुढे ती वर्तुळं बघायची, एकेक मिटणारी, आणि ती आकड्यांची आहेत की काचेची, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. इतकं शांत तिला कधीच वाटलं नव्हतं. टेबलावर काच ठेवली की दादा अंगठा टेकवायचा, शहारत शहारत वर्तुळं आत जायची, आणि दर वेळी ती कमी असायची.

एका दुपारी, अशीच घासणी फिरत असताना, तिला जाणवलं की थरथर थांबली आहे.

आधी तिचा विश्वास बसेना. तिने मनगटापाशी लक्ष दिलं, कोपरापाशी दिलं. काही नव्हतं. आवाज एकसारखा येत होता, पाण्यासारखा. दादाचा हात बरा झाला! तिच्या छातीत आनंद इतका दाटून आला की तिला हसू फुटलं. घासणी मऊपणे कडेपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. बरा झाला, वहिनीला आज सांगायचं, आता तो स्वतःच पुरी करेल.

"दादा!" म्हणत तिने डोळे उघडले.

घासणीवर तिचे एकटीचेच हात होते. दादा पलीकडे खिडकीशी स्टुलावर बसलेला होता, दोन्ही हात मांडीवर एकमेकांत अडकवून. तो तिथे जाऊन बराच वेळ झाला असावा. त्याचे डोळे भरलेले होते आणि तो तिच्या हातांकडे बघत होता.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "मधेच थांबलं की काचेवर डाग पडतो."